एका कंपनीच्या अनेक पाट्या : उपाहारगृहांच्या साखळ्या कशा वाढल्या

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता वाहतुकीला मिळाला. सुरुवातीच्या काळात या रस्त्यावर खाण्यापिण्याची सोय जवळजवळ नव्हती, आणि त्याच वेळी कारंजा, मेहकर, सिंदखेड राजा या जुन्या मार्गावरच्या ढाब्यांसमोरची लांब पल्ल्याची वाहतूक नव्या रस्त्याकडे वळत होती. भूसंपादनाचा मोबदला ज्या घरांत आला, त्यांच्यापुढे ‘अमुक ब्रँडचे आउटलेट टाका’ असे प्रस्ताव येऊ लागले. दुसरीकडे, बारावी झालेली खेड्यांतली अनेक मुलेमुली अमरावती, अकोला, नागपूरच्या पिझ्झा आणि चिकनच्या दुकानांत गणवेश घालून उभी राहू लागली. ज्या कंपन्यांशी आपला असा दुहेरी संबंध येतो आहे, त्या वाढल्या कशा आणि चालवल्या कुणी, हे विदर्भातल्या वाचकाला ठाऊक असावे, म्हणून हे टिपण. या इतिहासातून माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट दिसते : कंपनीच्या दारावर पाट्या कितीही असल्या, तरी तिचे पोट एखाद-दुसरी पाटीच भरते, आणि बाकीच्या किती काळ सांभाळायच्या हे ठरवणे हेच तिथल्या नेतृत्वाचे सर्वांत अवघड काम असते.

या व्यवसायाची एक मोठी शाखा रस्त्यामुळेच जन्माला आली. अमेरिकेतील केंटकी राज्यात कॉर्बिन या गावी हारलँड सँडर्स यांनी १९३० मध्ये पेट्रोल पंप चालवायला घेतला आणि थांबणाऱ्या प्रवाशांना स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर खाऊ घालायला सुरुवात केली. पुढे तिथे मोठे उपाहारगृह उभे राहिले. १९५० च्या दशकात नव्या आंतरराज्य महामार्गाची आखणी गावाला वळसा घालून झाली, गिऱ्हाईक तुटणार हे दिसू लागले आणि १९५६ मध्ये त्यांना ती जागा विकावी लागली. वय पासष्टच्या पुढे गेले होते. त्या वयात मसाल्याची कृती आणि प्रेशर कुकर मोटारीत घालून ते गावोगावच्या हॉटेलवाल्यांकडे गेले आणि ‘माझ्या पद्धतीने कोंबडी तळा, प्रत्येक कोंबडीमागे मला काही सेंट द्या’ असा करार करू लागले. असा पहिला करार १९५२ मध्येच सॉल्ट लेक सिटीतील पीट हारमन यांच्याशी झाला होता. केएफसी, म्हणजे केंटकी फ्राइड चिकन, या साखळीची फ्रँचायझी पद्धत (नाव आणि कृती एकाची, दुकान दुसऱ्याचे) ती हीच. जुन्या नागपूर–औरंगाबाद रस्त्यावर ज्यांचा ढाबा आहे, त्यांना या प्रसंगाचे महत्त्व वेगळे समजावून सांगायला नको.

सँडर्स यांनी १९६४ मध्ये २० लाख डॉलरला धंदा विकला, त्यानंतर तो दोन मोठ्या उद्योगसमूहांच्या हातांतून फिरून १९८६ मध्ये पेप्सिकोकडे आला. पेप्सिकोने त्याआधी १९७७ मध्ये पिझ्झा हट आणि १९७८ मध्ये मेक्सिकन धर्तीच्या पदार्थांचे टाको बेल घेतले होते. शीतपेय विकणाऱ्या कंपनीला हजारो हक्काची दुकाने मिळाली, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. पण उपाहारगृह चालवणे आणि बाटल्या विकणे यांत फरक आहे. उपाहारगृहात भांडवल इमारतीत आणि भट्टीत अडकून पडते, रोज शेकडो माणसांच्या पाळ्या लावाव्या लागतात, आणि दुसऱ्या साखळ्यांना ‘प्रतिस्पर्ध्याचे पेय आपण का ठेवावे’ असा प्रश्न पडतो. शेवटी १९९७ मध्ये पेप्सिकोने हे तिन्ही ब्रँड वेगळे काढले आणि त्यांची ट्रायकॉन ही स्वतंत्र कंपनी झाली. तिच्या डोक्यावर जन्मापासूनच मोठे कर्ज होते.

ट्रायकॉनची धुरा २००० पासून डेव्हिड नोव्हाक यांच्याकडे आली. ते मूळचे जाहिरात आणि विपणनातले. त्यांनी दोन गोष्टींवर भर दिला. पहिली, कंपनीच्या मालकीची दुकाने हळूहळू फ्रँचायझीधारकांना विकणे, म्हणजे इमारत, पगार आणि विजेचे बिल त्यांच्याकडे आणि विक्रीतला ठरावीक वाटा कंपनीकडे. दुसरी, दुकानात उभ्या असलेल्या माणसाची जाहीर दखल घेणे. केएफसीचे प्रमुख असताना ते चांगले काम करणाऱ्याला रबराची कोंबडी देत, तिच्यावर स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहीत आणि सोबत १०० डॉलर देत. हे ऐकायला किरकोळ वाटते, परंतु ज्या धंद्यात तळणारा मुलगा सहा महिन्यांत नोकरी सोडतो, तिथे त्याला टिकवणे हाच नफ्याचा मोठा भाग असतो. आपल्या खानावळीच्या मालकांना आचारी पळवला जाण्याची धास्ती कायम असते, ती याच कारणाने.

नोव्हाक यांच्या काळातला तिसरा प्रयोग मात्र फसला, आणि या टिपणासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. २००२ मध्ये कंपनीने तळलेल्या मासळीचे लाँग जॉन सिल्व्हर्स आणि बर्गरचे ए अँड डब्ल्यू हे आणखी दोन ब्रँड घेतले, यम ब्रँड्स हे नाव धारण केले आणि एकाच इमारतीत दोन-दोन पाट्या लावण्याचा सपाटा लावला. जागा एक, भाडे एक, गिऱ्हाईक मात्र दोन्हींचे, असे हे गणित होते. प्रत्यक्षात एका स्वयंपाकघरात दोन वेगळ्या पद्धती शिकवाव्या लागल्या, तिथली शिस्त सैल झाली, आणि दुबळी पाटी सबळ पाटीच्या आधारावर जगू लागली. २०११ मध्ये हे दोन्ही ब्रँड विकून टाकण्यात आले. चीनमध्ये १९८७ पासून वाढवलेला आणि अत्यंत फायद्यात असलेला व्यवसायही २०१६ मध्ये स्वतंत्र कंपनी म्हणून वेगळा काढला गेला. आज यमच्या छत्राखाली जगभर ६० हजारांहून अधिक दुकाने आहेत आणि त्यांतली जवळजवळ सर्व फ्रँचायझीधारकांची आहेत. असे असूनही नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने पिझ्झा हटच्या बाबतीत विक्रीसह सर्व पर्याय तपासत असल्याचे जाहीर केले. ज्या तीन खांबांवर कंपनी उभी राहिली, त्यांतला एक खांबही काढण्याचा विचार तिला करावा लागला.

भारतात ही दुकाने उदारीकरणानंतर आली. केएफसीचे पहिले दुकान १९९५ मध्ये बेंगळुरूत उघडले आणि जानेवारी १९९६ मध्ये एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या कर्नाटक राज्य रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी त्याची मोडतोड केली. त्याच काळात विदर्भातल्या कापूस उत्पादकांमध्ये खोलवर रुजलेल्या शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने मात्र खुल्या व्यापाराची बाजू घेतली होती. परदेशी कंपनी आली तर शेतमालाला गिऱ्हाईक वाढेल की देशी खाणे मरेल, यावर शेतकऱ्यांच्या दोन चळवळींनी घेतलेल्या या परस्परविरोधी भूमिका आजही विचारात घेण्याजोग्या आहेत.

भारतीय कंपन्यांपैकी जुबिलंट फूडवर्क्सचा प्रवास जरा तपशिलाने पाहिला पाहिजे. श्याम आणि हरी भरतिया या बंधूंच्या समूहाने १९९६ मध्ये दिल्लीत डॉमिनोजचे पहिले दुकान काढले. कंपनीचे नाव तेव्हा डॉमिनोज पिझ्झा इंडिया असेच होते. ते २००९ मध्ये बदलून जुबिलंट फूडवर्क्स करण्यात आले आणि २०१० मध्ये समभाग बाजारात आले. नाव बदलण्यातच पुढे इतर ब्रँड आणण्याचा इरादा दिसतो. त्याप्रमाणे २०१२ मध्ये डोनट आणि कॉफीचे डंकिन, २०१९ मध्ये चिनी पदार्थांचे हाँग्ज किचन, २०२० मध्ये बिर्याणीचे ‘एकदम’ आणि २०२२ मध्ये तळलेल्या चिकनचे पॉपाइज आले. डंकिनची बरीच दुकाने काही वर्षांतच बंद करावी लागली आणि ‘एकदम’ही टिकले नाही. डॉमिनोज मात्र २ हजार दुकानांच्या पुढे गेले.

या कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यांची पूर्वपीठिका पाहिली की तिने आपला धंदा वेळोवेळी काय मानला, हे उलगडते. २००५ पासून बारा वर्षे सूत्रे सांभाळणारे अजय कौल मालवाहतूक आणि कुरिअरच्या व्यवसायातून आले होते, आणि त्या काळात कंपनीचा सगळा भर तीस मिनिटांत घरपोच पिझ्झा देण्यावर राहिला. त्यांच्यानंतर २०१७ मध्ये आलेले प्रतीक पोटा पेप्सिकोतून आले. त्यांनी तोट्यातली दुकाने आवरली आणि मूळ पिझ्झ्याच्या दर्जाकडे लक्ष वळवले. २०२२ मध्ये आलेले समीर खेतरपाल ॲमेझॉनमधून आले, तोवर बहुतांश मागणी मोबाइलवरून नोंदवली जाऊ लागली होती. मालक कुटुंब तेच राहिले, पण दर टप्प्यावर त्या टप्प्याला लागणारा माणूस बाहेरून आणला गेला. कुटुंबाच्या मालकीच्या धंद्यात हे सहज घडत नाही, म्हणून त्याची नोंद घ्यावीशी वाटते.

रवी जयपुरिया यांच्या देवयानी इंटरनॅशनलची चाल वेगळी आहे. १९९७ मध्ये जयपूरला पिझ्झा हटपासून सुरुवात करून त्यांनी केएफसी आणि कोस्टा कॉफी जोडले आणि दाक्षिणात्य पदार्थांचा वांगो हा स्वतःचा ब्रँडही उभा केला. त्यांच्याच समूहाची वरुण बेव्हरेजेस पेप्सीच्या बाटल्या भरते. म्हणजे पेय आणि पदार्थ यांची जी सांगड पेप्सिकोने सोडून दिली, ती इथे एका कुटुंबाच्या दोन कंपन्यांत टिकून आहे. पुण्यात २००४ च्या सुमारास रोल विकणाऱ्या फासोसने आणखी तिसरी वाट काढली. दुकानाचे भाडे परवडेना आणि गिऱ्हाईक तर घरूनच मागवते, हे ओळखून तिने बसण्याची जागाच काढून टाकली आणि एका ओट्यावरून बिर्याणी, पिझ्झा, रोल अशा वेगवेगळ्या नावांनी घरपोच विक्री सुरू केली. २०१८ मध्ये तिचे नाव रिबेल फूड्स झाले. यमला इमारतीत जे जमले नाही ते हिला बिनटेबलाच्या स्वयंपाकघरात जमले, कारण पाटी इथे फक्त मोबाइलच्या पडद्यावर असते आणि ती उतरवायला काहीच खर्च येत नाही.

विदर्भाच्या स्वतःच्या इतिहासात या संदर्भात दोन उदाहरणे येतात. पहिले हल्दीरामचे. बिकानेरच्या अगरवाल कुटुंबातील गंगाबिशन यांच्या भुजियापासून निघालेली एक शाखा त्यांचे नातू शिवकिशन अगरवाल यांनी नागपुरात वाढवली. शेव-फरसाण, मिठाई, चाट, डोसा आणि थाळी हे सगळे एकाच नावाखाली ठेवून, संत्रा बर्फीसारखा इथला पदार्थ जोडून, ही शाखा मोठी झाली. दिल्ली आणि नागपूरच्या शाखांचा पाकीटबंद पदार्थांचा धंदा २०२५ मध्ये एकत्र आला, त्यात सिंगापूरच्या तेमासेकने पैसा घातला, आणि उपाहारगृहे मात्र त्या व्यवहाराबाहेर ठेवली गेली. गुंतवणूकदाराची पसंती कशाला आहे, ते यावरून कळते. पाकीट कारखान्यातून निघाले की सगळीकडे सारखे, पण गरम डोसा प्रत्येक तव्यावर नव्याने जमवावा लागतो.

दुसरे उदाहरण सावजीचे. हलबा कोष्टी विणकर समाजाच्या घरांतून निघालेली ही भोजनालये नागपूरपासून तालुक्याच्या गावांपर्यंत पसरली, सगळ्यांच्या पाटीवर ‘सावजी’, पण त्यांची एक कंपनी कधी झाली नाही. कारण स्वयंपाकघरात दिसते. दगडफूल, खसखस, धने, काळी मिरी तव्यावर वेगवेगळी भाजायची, कोणता जिन्नस कोणत्या रंगावर उतरवायचा हे घरातल्या बाईने किंवा मालकाने नजरेने ठरवायचे, मसाला वाटायचा, तेल सुटून वर तर्री येईपर्यंत परतायचा. हे ज्ञान हातात राहते, कागदावर उतरत नाही. पिझ्झ्याच्या दुकानात याच्या उलट असते : मध्यवर्ती स्वयंपाकघरातून पिठाचे मोजून वळलेले गोळे तारखेची चिठ्ठी लावून प्लास्टिकच्या ट्रेमध्ये थंड गाडीतून येतात, सॉसचा डाव ठरलेल्या मापाचा असतो, आणि फिरत्या पट्ट्याच्या भट्टीत पिझ्झा एका टोकाने घातला की ठरलेल्या वेळी दुसऱ्या टोकाने बाहेर येतो. आठवडाभरात शिकलेल्या मुलाकडूनही तोच पदार्थ निघतो. चवीच्या बाबतीत मी निःशंकपणे सावजीच्या बाजूचा आहे, पण हजार दुकाने यातल्या कोणत्या पद्धतीने होतात, हे उघड आहे. मसाला मोजमापात बसवून एका ठिकाणी तयार करणारा आणि तरीही भोजनालयाची मालकी त्या त्या घराकडे ठेवणारा कुणी निघाला, तर सावजीची साखळी होऊ शकेल असे मला मनापासून वाटते. सँडर्स यांनी मोटारीतून हिंडून केले ते याहून वेगळे नव्हते.

आता मोबदल्याच्या पैशाचा प्रश्न. फ्रँचायझीच्या करारात मूळ कंपनीचा हक्क सहसा विक्रीवर असतो, नफ्यावर नसतो. महिनाभर तोटा झाला तरी विक्रीचा वाटा आणि जाहिरातीची वर्गणी द्यावीच लागते, आणि भाडे, पगार, वीज हा खर्च संपूर्णपणे चालवणाऱ्याचा असतो. शिवाय वर आलेल्या बहुतेक मोठ्या नावांचे हक्क भारतात आधीच मोठ्या कंपन्यांकडे गेलेले आहेत. जुबिलंट डॉमिनोजची दुकाने स्वतः चालवते, ती खासगी व्यक्तीला पोटफ्रँचायझी देत नाही. त्यामुळे वाशीम किंवा आर्वीत कुणी डॉमिनोजच्या फ्रँचायझीसाठी नोंदणीची रक्कम मागत असेल, तर तो प्रस्ताव खोटा आहे हे पैसे देण्याआधीच समजून घ्यावे. अशा नावांच्या बनावट संकेतस्थळांवरून लोकांना फसवल्याची प्रकरणे पोलिसांत आणि न्यायालयांत गेलेली आहेत. लहान, नव्या ब्रँडचा प्रस्ताव खरा असू शकतो, मात्र तिथे पाहण्याची गोष्ट ही की त्या कंपनीची किती दुकाने उघडली यापेक्षा गेल्या तीन वर्षांत किती बंद झाली, आणि बंद झालेल्यांच्या भट्टी-फर्निचरचे पैसे कुणाच्या अंगावर पडले.