छापून आलं म्हणजे हक्क गेला का?

‘दिवाळी अंकात छापलं की लेखनावर मालकी संपादकांची, आणि नोंदणी नसेल तर लेखकाचं काहीच नाही.’ हा निरोप ठाण्यातल्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतो. नौपाड्यात काय, वसंतविहारात काय, अनेकांनी नोकरी सांभाळून कथा, सदरं, एकांकिका लिहिल्या. पुस्तकाची विचारणा साठीनंतर होते आणि या निरोपामुळे माणूस दबकतो. त्याचं मला फार वाईट वाटतं.

लेखनावरच्या हक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, मूळ कायदा 1957 चा. लेखन कागदावर उतरलं की हक्क निर्माण होतो. नोंदणी ऐच्छिक आहे, वादात पुरावा म्हणून उपयोगी पडते इतकंच. बाहेरून लिहिणाऱ्याच्या लेखनाचा पहिला मालक तो स्वतःच. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सही केलेला करार लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. पगारी नोकरीत लिहिलेल्या मजकुराचं मात्र वेगळं, तिथे नेमणुकीच्या अटी बघाव्या लागतात.

खात्री करायची तर कायद्याची कलमं 17 ते 19 वाचा; इंटरनेटवर फुकट मिळतात. मग जुनी फाइल काढा. मानधनाच्या पावतीमागेही कधी अटी छापलेल्या असतात, तेवढ्या नीट बघा.