पोर संपलं, नोंद उरली

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांच्या काट्याला लिनक्सवर चालणारा संगणक जोडलेला आहे. गाडी काट्यावर चढली की मुख्य प्रोग्राम वजन घेतो आणि पावती छापायला एक वेगळा छोटा प्रोग्राम सोडतो. पावती निघाली की त्या छोट्याचं काम संपलं. ऐन हंगामात तिथल्या कारकुनानं मला स्क्रीन दाखवली. चालू प्रोग्रामांची यादी देणारी ‘पीएस’ ही आज्ञा दिली होती, आणि खाली पावतीवाल्या प्रोग्रामांची रांगच रांग. प्रत्येकापुढे ‘झेड’ आणि ‘डिफंक्ट’ अशी खूण. प्रोग्राम जबरदस्तीनं बंद करणारा ‘किल -९’ हा शेवटचा दणकाही देऊन झाला होता. "भाऊ, हे काहून मरून नाही राह्यले?"

ते आधीच मेलेले होते, म्हणून.

युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी लिहायला घेतली. नोव्हेंबर १९७१ च्या तिच्या पहिल्या मॅन्युअलातच ‘फोर्क’ आणि ‘वेट’ या दोन्ही सोयी आहेत. लिनक्सनं तोच रिवाज पुढे चालवला. फोर्क केलं की चालू प्रोग्रामची हुबेहूब प्रत तयार होते आणि दोघंही त्याच ओळीपासून पुढे चालू लागतात. मूळ प्रोग्राम तो जनक, प्रत ते त्याचं पोर, आणि प्रत्येक चालू प्रोग्रामला एक क्रमांक असतो. आपण कोण हे त्यांना एका आकड्यावरून कळतं: पोराच्या हाती ० पडतो, जनकाच्या हाती पोराचा क्रमांक. मग पोर ‘एक्झेक’ करून आपलं रूप पालटतं. आमच्या काट्यावर ते पावतीचा प्रोग्राम होतं. (तुमच्या अँड्रॉइड फोनमधली अ‍ॅप्सही झायगोट नावाच्या एका जनकाच्या फोर्कमधूनच जन्मतात.)

जनकानं ‘वेट’ म्हटलं की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, त्याला झोपवतो. झोपलेला प्रोग्राम ‘झालं का, झालं का’ असं विचारत बसत नाही, त्यामुळे प्रोसेसरचा वेळही खात नाही. पोर संपलं की कर्नल त्याला उठवतो आणि निकाल हातात देतो.

गोम आहे ती पोर संपल्यावर. त्याची मेमरी, उघडलेल्या फायली, सगळं लगेच परत घेतलं जातं. फक्त यादीतली एक छोटी नोंद उरते: क्रमांक, किती वेळ प्रोसेसर वापरला, आणि शेवट कसा झाला. कापूस वेचणीचं बघा. संध्याकाळी बाया आपापलं गाठोडं धुऱ्यावर आणून ठेवतात. वेचणं संपलेलं असतं, पण काटा लावून किलो वहीत मांडल्याशिवाय मजुरी ठरत नाही. मालक उशिरा आला म्हणून गाठोडी एकात एक ओतली तर कुणाचे किती किलो, हे कोण सांगणार? कर्नलही तसंच गाठोडं राखून ठेवतो. जनकानं हिशेब विचारला की नोंद पुसली जाते. विचारलाच नाही तर ती तशीच पडून राहते, आणि तिलाच झॉम्बी म्हणतात.

झॉम्बी जागा जवळजवळ खात नाही, पण क्रमांक अडवून बसतो. लिनक्सवर क्रमांकांची मर्यादा पूर्वापार ३२,७६८ ची. नव्या यंत्रांवर ती बरीच वाढवलेली असते. क्रमांक संपले की पुढचं फोर्क फसतं आणि पावती थांबते.

त्या नोंदीतला निकालाचा आकडा ० ते २५५ मधला असतो. ० म्हणजे सगळं ठीक, बाकी काहीही म्हणजे बिघाड. ‘किल -९’ नं मेलेल्याचा निकाल शेल (आपण टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) १३७ असा दाखवतं, म्हणजे १२८ अधिक ९. कागद संपला म्हणून पावती निघालीच नाही, हे मुख्य प्रोग्रामला कळायचा सरळ रस्ता हाच. न विचारणारा जनक नुसती यादी तुंबवत नाही. शेतकरी पावतीविना गेला तरी त्याला पत्ता नसतो.

मग प्रत्येक पावतीनंतर ‘वेट’ का नाही? कारण जनक झोपला की मागची गाडी काट्यावर ताटकळते. त्यासाठी ‘वेटपिड’ला न थांबण्याची खूण देता येते: कुणी संपलं असेल तर सांग, नसेल तर मी माझ्या कामाला लागतो. शिवाय पोर संपलं की कर्नल जनकाला ‘सिगचाइल्ड’ हा इशारा धाडतो. पण हे इशारे रांग लावत नाहीत. तीन पोरं एकदम संपली तर इशारा एकच पोचू शकतो. इशाऱ्यामागे एकाचाच हिशेब घेणारा प्रोग्राम मग हळूहळू झॉम्बी साठवत जातो, आणि गर्दीच्या हंगामातच ते दिसतं. जिनिंगमध्ये नेमकं हेच होतं. उपाय: इशारा आला की कुणी उरलं नाही असं उत्तर येईपर्यंत विचारत राहायचं.

दुरुस्ती होईपर्यंत आम्ही जेवणाच्या सुट्टीत मुख्य प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायचो. जनक गेला की त्याची पोरं, मेलेली आणि जिवंत, एक क्रमांकाच्या प्रोसेसकडे, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वात आधी चालू होणाऱ्या प्रोग्रामकडे, दत्तक जातात. बहुतेक लिनक्सवर ती सिस्टिमडी असते आणि अनाथांचा हिशेब न चुकता घेते. यादी क्षणात साफ.

एका जाणकारानं आणखी सोपी युक्ती सुचवली होती: सिगचाइल्डकडे दुर्लक्ष करतो असं जनकानं आधीच जाहीर करायचं, म्हणजे कर्नल नोंदी स्वतःच पुसतो. चालतं, पण निकालही पुसला जातो. पावती निघाली की नाही हे ज्या काट्याला कळायलाच हवं, तिथे मला ही युक्ती पटली नाही.