सारामागो: रानमुळ्याचं नाव आणि आडनावं संपण्याचं गणित

वसईत एका लग्नाच्या मांडवात शेजारी बसलेले गृहस्थ अगदी खात्रीने म्हणाले, "ही डिसोझा, परेरा, दिब्रिटो मंडळी म्हणजे मूळची पोर्तुगीजच. आडनावावरून कळतंच ना!" हा समज मी लहानपणापासून ऐकत आलोय. आडनाव रक्तातून वाहत येतं असं धरून चाललं की असं वाटणं साहजिक आहे. पण ही समजूत खुद्द पोर्तुगालातही टिकत नाही, आणि ती का टिकत नाही हे एका दुर्मीळ पोर्तुगीज आडनावावरून फार चांगलं कळतं. ते आडनाव म्हणजे सारामागो.

१९९८चं साहित्याचं नोबेल मिळवणारे जोसे सारामागो पोर्तुगीज भाषेतले पहिले नोबेल लेखक. त्यांचा जन्म १९२२चा, लिस्बनच्या ईशान्येला सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या अझिन्यागा या खेड्यातला. घरची माणसं भूमिहीन शेतमजूर. वडिलांचं नाव जोसे द सोझा. हे 'द सोझा' म्हणजेच आपल्याकडचं डिसोझा. मुलाचं नावही बापाप्रमाणे जोसे द सोझाच असायचं होतं. पण जन्मनोंद करणाऱ्या कारकुनाने कागदावर आपल्या मनाने आणखी एक शब्द लिहिला: सारामागो. गावात त्या घराण्याला याच नावाने हाक मारत. ते आडनाव नव्हतं, टोपणनाव होतं. घरात कुणाला याचा पत्ताच नव्हता. मुलगा सात वर्षांचा झाला, शाळेसाठी जन्माचा दाखला काढला, तेव्हा कुठे हा प्रकार उघडकीला आला. बाप सोझा आणि मुलगा सारामागो! शेवटी बापालाच आपलं नाव बदलून सारामागो लावून घ्यावं लागलं. मुलाने बापाला आडनाव दिलं.

'सारामागो' हा शब्द अरबीतून आलेला आहे आणि ते एका तणाचं नाव आहे. आपल्या मुळ्याचा हा रानटी भाऊबंद, म्हणून त्याला रानमुळा म्हणू. खरखरीत, लवदार पानं. चार पाकळ्यांची फिकट पिवळी किंवा पांढरी फुलं, पाकळ्यांवर बारीक शिरा. शेंग आपल्या डिंगरीसारखीच, पण दोन बियांमध्ये आवळलेली, माळेत मणी ओवावेत तशी. वाळली की मण्यामण्याला तुटते. गरिबाघरी खायची पंचाईत असे तेव्हा ही पानं शिजवून खात. म्हणजे टोपणनावाला उपासमारीचा वास आहे. ते दप्तरात चढलेलं घरच्यांना रुचलं नसेल, हे समजण्यासारखं आहे.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. एका माणसापासून सुरू झालेल्या आडनावाचं पुढे काय होतं?

हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३मध्ये एका इंग्रजी नियतकालिकात जाहीर विचारला. मोठमोठ्या घराण्यांची नावं नाहीशी होताना दिसत होती आणि लोक त्याचा अर्थ 'वंशाचा कस गेला' असा लावत. गाल्टन यांना शंका होती की हा निव्वळ योगायोगाचाही खेळ असेल. हेन्री वॉटसन या गणिती धर्मोपदेशकाने उत्तर दिलं आणि १८७४मध्ये दोघांचा निबंध आला.

त्यांची युक्ती साधी आहे. समजा, १०० पुरुषांना १०० वेगवेगळी नवी आडनावं आहेत. प्रत्येकाला सरासरी एक मुलगा, म्हणजे लोकसंख्या वाढतही नाही, घटतही नाही. पण सरासरी एक म्हणजे प्रत्येकाला एकच असं नव्हे. मुलगे योगायोगाने वाटले गेले तर साधारण ३७ जणांना एकही मुलगा नसेल, ३७ जणांना एक, १८ जणांना दोन आणि उरलेल्या ८ जणांना तीन किंवा जास्त. पहिल्याच पिढीत ३७ आडनावं गेली. आता दुसरी पिढी पाहू. एखादं नाव दुसऱ्या पिढीपर्यंत संपायचं तर पहिल्या पुरुषाच्या प्रत्येक मुलाची शाखा पुढच्या एका पिढीत संपायला हवी. हे 'प्रत्येक'च महत्त्वाचं, कारण त्यामुळे शक्यतांचा गुणाकार होतो. सगळे गुणाकार एकत्र केले की एक सुटसुटीत नियम हाती येतो: आधीच्या पिढीपर्यंत संपण्याची जी शक्यता, तिच्यातून १ वजा करा आणि ई या संख्येचा (सुमारे २.७१८) तेवढा घात काढा. ०पासून सुरुवात केली की ०.३७, मग ०.५३, मग ०.६३ असं चढत जातं. पाचव्या पिढीला ७३ आडनावं गेलेली असतात, दहाव्या पिढीला ८४. माणसं मात्र तेवढीच, सुमारे १००, फक्त ती १६ आडनावांत विभागलेली! कुणी श्रेष्ठ नाही, कुणाचा कस गेलेला नाही. नुसत्या वाटपाने काही नावं फोफावली आणि बाकीची बुजली.

वॉटसन यांचं एक गणित मात्र चुकलं. अखेरीस स्थिरावणारी शक्यता काढण्याच्या समीकरणाला १ हे उत्तर नेहमीच लागू पडतं, म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला की लोकसंख्या वाढती असली तरी सगळी आडनावं कधी ना कधी संपणारच. पण सरासरी एकाहून जास्त असेल तर त्याच समीकरणाला आणखी एक, लहान उत्तर असतं आणि तेच खरं. सरासरी १.२ मुलगे धरले तर ते ०.६९ येतं. म्हणजे ६९ नावं संपतील, ३१ कायमची टिकतील. फ्रेंच गणिती बियेनेमे यांनी १८४५मध्येच हे बरोबर सांगितलं होतं, पण तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पूर्ण दुरुस्ती व्हायला डेन्मार्कच्या स्टेफन्सन यांच्या १९३०च्या निबंधापर्यंत वाट पाहावी लागली.

आता हाच हिशोब डिसोझांना लावून बघा. एकट्या पुरुषाचं आडनाव दहा पिढ्यांत संपण्याची शक्यता ०.८४. दहा जणांनी मिळून सुरुवात केली तर ०.८४चा दहावा घात, म्हणजे ०.१८च्या आसपास. शंभर जणांनी केली तर सुमारे तीन कोटींत एक. ते नाव संपतच नाही! गोव्यात सोळाव्या शतकात आणि १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमलातल्या वसईत नेमकं हेच झालं. बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनऱ्याचं, धर्मपित्याचं (म्हणजे त्या विधीला साक्षीला उभं राहणाऱ्याचं) किंवा एखाद्या अंमलदाराचं आडनाव दिलं जाई, आणि एकाच वेळी अनेकांना एकच मिळे. सोझा हे मुळात उत्तर पोर्तुगालातल्या एका नदीचं नाव. ते इथे पसरलं ते बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून, रक्तातून नव्हे. मांडवातल्या त्या गृहस्थांना हेच सांगायचं होतं, पण तेवढ्यात बँड सुरू झाला.

पोर्तुगालातही नोंदवहीचाच महिमा. १९१०मध्ये तिथे प्रजासत्ताक आलं आणि १९११मध्ये सरकारी जन्मनोंद सक्तीची झाली. त्याआधी चर्चच्या वहीत बाळाचं बहुधा पहिलं नावच लिहीत. आडनाव मोठेपणी लागे: बापाचं, आईचं, आजीचं किंवा धर्मपित्याचं. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असणं नवलाचं नव्हतं.

म्हणून एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. झाडाचं किंवा फळाचं आडनाव म्हणजे पूर्वज छुपे ज्यू, असा समज पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये घट्ट रुजलाय: पेरेइरा म्हणजे नासपतीचं झाड, ओलिव्हेइरा म्हणजे ऑलिव्हचं. सक्तीने धर्मांतर झालेल्या ज्यूंनी ही नावं घेतली हे खरं, पण भोवतालच्या ख्रिश्चनांत ती रुळलेली होती म्हणूनच घेतली. त्यामुळे या नावांवरून काहीच सिद्ध होत नाही. आणि आडनावावरून घराण्याचं मानचिन्ह छापून विकणाऱ्यांना तर एक पैसाही देऊ नये.

आडनाव आणि वंश यांची सांगड कधी बसते, हे ब्रिटनमधल्या वाय गुणसूत्राच्या अभ्यासांतून दिसलंय. वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडेच जातं. स्मिथसारख्या सर्रास आढळणाऱ्या आडनावाच्या पुरुषांची वाय गुणसूत्रं एकमेकांशी फारशी जुळत नाहीत. अॅटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावाच्या पुरुषांची मात्र बहुतेक जुळतात, कारण ते नाव एकाच मूळपुरुषापासून आलेलं असावं. सारामागोंचं तसं होईलच असंही नाही. हे तण सगळीकडे उगवतं, तेव्हा ते टोपणनाव दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या गरीब घरालाही चिकटू शकतं.

जोसे सारामागो यांना एकच अपत्य, १९४७मध्ये जन्मलेली मुलगी. गाल्टन यांच्या हिशोबात फक्त मुलगे मोजतात, म्हणून ही शाखा तिथे शून्य. पण पोर्तुगीज नावात आईचं आणि बापाचं अशी दोन्ही आडनावं येतात, कायद्याने चारपर्यंत लावता येतात. मुलीने नवऱ्याचं आडनाव जोडलं आणि त्याच्या आधी सारामागो तसंच ठेवलं.