खोल समुद्राचे साक्षीदार

२२ सप्टेंबर १९३२. बर्म्युडा बेटांजवळ समुद्र खवळलेला होता, तरीही जहाजावरून एक पोलादी गोळा पाण्यात सोडण्यात आला. गोळ्यात दोघे होते: निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीब आणि तो गोळा पदरच्या पैशांनी बनवून घेणारे ओटिस बार्टन. गोळ्याचा व्यास जेमतेम १.४५ मीटर, त्यामुळे पाय दुमडून, एकमेकांना खेटूनच बसायचं. श्वासासाठी प्राणवायूच्या टाक्या, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा शोषून घ्यायला ताटल्यांत पसरलेली रसायनं. खिडक्या तीन इंच जाड क्वार्ट्झच्या. जहाजाशी नातं एका पोलादी दोराचं आणि एका टेलिफोनच्या तारेचं.

त्या दिवशी ती तार अमेरिकेतल्या एनबीसी रेडिओला जोडली होती. गोळा लाटांबरोबर हेलकावत होता, बार्टन यांना समुद्र लागला होता. तशात साडेसहाशे मीटरांहून खोल काळोखात बीब खिडकीला डोळे लावून जे दिसेल ते बोलत होते, आणि अमेरिकेत व ब्रिटनमध्ये लोक आपापल्या घरी ते ऐकत होते.

खोल समुद्राच्या इतिहासात कोण किती खोल गेलं याच्या नोंदी पुष्कळ सापडतात. मला मात्र दुसराच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. खाली गेलेल्यांनी जे पाहिलं, ते वर राहिलेल्यांपर्यंत कसं पोचलं, किती वेळाने पोचलं, आणि त्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? बीब यांच्या आवाजाने तो प्रश्न पहिल्यांदा घराघरांत नेला.

त्याच्या शंभरेक वर्षं आधी खोल समुद्राबद्दल अंदाजच बांधले जात. १८४०च्या दशकात एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने एजियन समुद्रातला तळ खरवडून पाहिला. जसजसं खोल जावं तसतसे प्राणी कमी होत गेलेले त्याला दिसले. त्यावरून त्याने अनुमान काढलं की साधारण ३०० वाव, म्हणजे सुमारे ५५० मीटरांच्या खाली जीवसृष्टी नसावी. अनुमान चुकीचं असलं तरी अडाणीपणाचं नव्हतं. प्रकाश नाही, कडाक्याची थंडी, वरून प्रचंड दाब. तिथे कोण जगणार? पण पुढे नॉर्वेच्या किनाऱ्याजवळून, याच मर्यादेच्या आसपास, देठावर उभे राहणारे तारामाशांच्या नात्यातले प्राणी वर आले. १८६०मध्ये भूमध्य समुद्रातली तुटलेली तारायंत्राची केबल दुरुस्तीसाठी उचलली, तेव्हा जवळपास दोन हजार मीटर खोलीवरच्या भागाला प्राणी घट्ट चिकटलेले होते. फोर्ब्सच्या रेषेखालीही कुणीतरी राहत होतं.

मग निघालं ‘चॅलेंजर’. ब्रिटिश नौदलाच्या या जहाजावरच्या बहुतेक तोफा उतरवून तिथे प्रयोगशाळा बसवल्या आणि २१ डिसेंबर १८७२ रोजी ते पोर्ट्समथहून निघालं. शास्त्रज्ञांचे प्रमुख होते चार्ल्स वायव्हिल थॉमसन. साडेतीन वर्षं आणि जवळपास ६९ हजार सागरी मैल. काम मात्र तेच ते: जहाज थांबवायचं, वजन लावलेला दोर खाली सोडायचा, खोली मोजायची, पाण्याचं तापमान घ्यायचं, तळावरून जाळं ओढायचं. एकदा जाळं टाकून वर घ्यायला सबंध दिवस जाई, आणि कित्येकदा हाती लागे नुसता गाळ. खलाशी या कामाला कंटाळले आणि वाटेत अनेकांनी जहाज सोडलं. त्यांचा कंटाळा समजण्यासारखा आहे, पण त्याच गाळातून विज्ञानाला नव्या अशा सुमारे ४,७०० प्रजाती निघाल्या. २३ मार्च १८७५ रोजी प्रशांत महासागरात मारियाना बेटांच्या परिसरात दोर ४,४७५ वाव, म्हणजे ८,१८४ मीटर खाली गेला. पुढे त्याच परिसरातल्या सर्वात खोल जागेला चॅलेंजर डीप हे नाव मिळालं.

जहाज मे १८७६मध्ये परतलं. अहवालाचे पन्नास खंड पुरे व्हायला १८९५ साल उजाडलं. तोवर थॉमसन वारले होते आणि काम जॉन मरे यांनी तडीस नेलं. एकोणीस वर्षं! आणि तेही तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी लिहिलेलं. सामान्य माणसाच्या वाट्याला आल्या त्या संग्रहालयातल्या बरण्या: रंग उडालेले, दाब अचानक कमी झाल्याने आकार बिघडलेले प्राणी. मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांना ही दरी जाणवली होती. ते स्वतः समुद्रमोहिमांवर जात. महासागरांच्या तळाचे जागतिक नकाशे बनवण्याचं काम १९०३मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुरू झालं आणि १९१०मध्ये त्यांनी सागरी संग्रहालय जनतेसाठी उघडलं.

पुन्हा बीब यांच्याकडे येऊ. टेलिफोनच्या वरच्या टोकाला ग्लोरिया हॉलिस्टर असत. बीब बोलत, त्या टिपून घेत. नंतर एल्झ बॉस्टलमन त्या वर्णनांवरून चित्रं काढत, बीब दुरुस्त्या सांगत, त्या बदल करत. काळ्या पाण्यात स्वतःच्या प्रकाशाने उजळलेले ते मासे मासिकांमधून वाचकांच्या हातात पडले. पण अडचण अशी, की बीब यांनी काही मासे निव्वळ नजरेच्या भरवशावर नव्या प्रजाती म्हणून जाहीर केले. १९३२मध्ये त्यांनी जवळपास दोन मीटर लांबीच्या, अंगावर दिव्यांची रांग असलेल्या माशांची जोडी पाहिल्याचं नोंदवलं आणि त्यांचं शास्त्रीय नावही ठेवलं. तसा मासा त्यानंतर आजवर कुणाला दिसलेला नाही. मत्स्यशास्त्रज्ञांनी शंका घेतल्या, आणि त्यांचंही चुकलं नाही. बीब खोटं बोलले असं मला अजिबात वाटत नाही. त्यांनी काहीतरी पाहिलं, पण त्या क्षणाचे साक्षीदार म्हणजे एक खिडकी आणि एक माणूस, एवढेच.

जानेवारी १९६०मध्ये हेच पुन्हा घडलं. जाक पिकार आणि डॉन वॉल्श खोल पाण्यात उतरणाऱ्या ‘त्रिएस्त’ या यानातून चॅलेंजर डीपच्या तळाशी, जवळपास ११ किलोमीटर खाली पोचले. तिथे ते वीसेक मिनिटं थांबले, पण गाळ इतका उसळला होता की एकही फोटो घेता आला नाही. पिकार यांनी तळावर चपटा मासा पाहिल्याचं सांगितलं. बहुतेक जीवशास्त्रज्ञांना ते पटत नाही. चित्रित झालेला सर्वात खोल मासा जपानजवळच्या खंदकात ८,३३६ मीटरांवरचा आहे, आणि तो २०२२चा.

शब्दांची जागा चित्राने घेतली ती खऱ्या अर्थाने १९७७मध्ये. गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर, भूशास्त्रज्ञ तळावरचे गरम पाण्याचे झरे शोधत होते. आधी एक कॅमेरा तळालगत ओढत नेला. पाण्याचं तापमान क्षणभर वाढल्याची नोंद झाली. फिल्म धुतल्यावर दिसलं की त्याआधीच्या फोटोंत नुसता ओसाड लाव्हा होता, मग सलग तेरा फोटोंत पांढऱ्या-तपकिरी शिंपल्यांची दाटी, आणि पुन्हा ओसाड लाव्हा. त्या जागी ‘ॲल्विन’ पाणबुडी उतरली. आत बसलेल्या जॅक कॉर्लिस यांनी वरच्या जहाजावर विचारलं, खोल समुद्र वाळवंटासारखा असतो ना? इथे तर प्राणीच प्राणी आहेत. मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. नमुने टिकवायला रसायन पुरेसं नव्हतं, म्हणून पनामात घेतलेली व्होडका वापरली गेली. सूर्यप्रकाशावाचून, जिवाणूंनी रसायनांपासून मिळवलेल्या ऊर्जेवर पोसलेली ती जीवसृष्टी होती. फोटो नसते तर जगाने त्यावर इतक्या लवकर विश्वास ठेवला असता असं वाटत नाही.

त्याच मोहिमेवर असलेल्या रॉबर्ट बॅलार्ड यांनी १९८५मध्ये फ्रेंच सहकाऱ्यांसह ‘टायटॅनिक’चे अवशेष शोधले. मग शाळकरी मुलांची हजारो पत्रं आली: पुढच्या वेळी आम्हालाही न्या. त्यातून १९८९मध्ये उपग्रहाद्वारे मुलांपर्यंत मोहीम थेट पोचवणारा ‘जेसन’ प्रकल्प उभा राहिला. आज ‘नॉटिलस’, ‘ओकेआनोस एक्स्प्लोरर’, ‘फॉल्कर (टू)’ अशा जहाजांवरून सोडलेल्या दूरनियंत्रित यंत्रांचं चित्रण त्याच क्षणी कुणालाही पाहता येतं. २०१६मध्ये हवाईजवळ ४,२९० मीटरांवर एक फिकट, भुतासारखा ऑक्टोपस दिसला. त्याला कॅस्पर हे नाव दिलं ते बघणाऱ्यांनी. मार्च २०२५मध्ये साउथ सँडविच बेटांजवळ एक लहानसं पारदर्शक माखूळ (स्क्विड) चित्रित झालं. जहाजावरच्यांना ते ओळखता आलं नाही. बाहेरच्या तज्ज्ञांनी चित्रण पाहून सांगितलं, हे महाकाय माखुळाचं (कोलॉसल स्क्विडचं) पिल्लू आहे. १९२५मध्ये नाव मिळालेला हा प्राणी शंभर वर्षांनी प्रथमच त्याच्या घरात जिवंत टिपला गेला होता.

२०२५मध्येच अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञांनी मार देल प्लाताजवळच्या सागरी दरीतून थेट प्रक्षेपण केलं. मला ती मोहीम फार जवळची वाटते, कारण शास्त्रज्ञ आपल्या लोकांशी त्यांच्याच स्पॅनिशमध्ये, हसत, चकित होत बोलत होते. लोक रात्री जागून पाहत राहिले आणि एका गुबगुबीत तारामाशाचं देशभर कौतुक झालं.

तरीही आजवर मानवाने कॅमेऱ्यातून किंवा डोळ्यांनी पाहिलेला खोल तळ ०.००१ टक्क्याहूनही कमी आहे, असं २०२५मधल्या एका अभ्यासात मांडलं गेलं. आणि हा तळ मालकाविना नाही. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाचे राजदूत आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत मांडलेली कल्पना पुढे सागरी कायद्यात आली: देशांच्या हद्दींपलीकडचा समुद्रतळ हा मानवजातीचा सामायिक वारसा आहे. ‘चॅलेंजर’च्या जाळ्यात १८७३मध्ये आलेले बटाट्याएवढे मँगनीजचे गोटे आता खाणकामासाठी हवे आहेत. ते दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढेच वाढतात. १९७९मध्ये प्रशांत महासागरात अशा खाणकामाची छोटी चाचणी झाली होती. २०२३मध्ये शास्त्रज्ञ कॅमेरे घेऊन त्या जागी परतले. काही लहान प्राणी परतू लागले होते. यंत्राचे चर मात्र चव्वेचाळीस वर्षांनंतरही गाळात स्पष्ट दिसत होते.