केमोतले केस आणि १९९०चा निर्णय

केमोत, म्हणजे कर्करोगावरच्या औषधांत, केस का जातात, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गात वेगळं सांगायला नको. परळच्या टाटा रुग्णालयाच्या फेऱ्या इथल्या कितीतरी घरांनी केल्या आहेत. डोकं थंड ठेवून ते केस वाचवता येतात, हे मात्र पुष्कळांना कालपरवाचं वाटतं. तसं ते नाही.

सुरुवातीला, औषध केसांच्या मुळांपर्यंत पोचू नये म्हणून, डोक्याभोवती पट्टा आवळून रक्त अडवायचा प्रयोग झाला. १९७०च्या दशकात डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, वापरात आलं आणि केस हमखास जाऊ लागले. मग बर्फ आला. फोडलेल्या बर्फाच्या पिशव्या डोक्याला बांधायच्या, एवढंच. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, मुळांतल्या पेशींचं कामही मंदावतं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचे चांगले निकाल छापले. या पद्धतीला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला मासळीचा बर्फसुद्धा चालला असता! पुढे जेल भरलेल्या टोप्या आल्या; त्या उणे पंचवीस-तीस अंशांना गोठवायच्या आणि दर वीस-तीस मिनिटांनी बदलायच्या असत. तिथे आपला बर्फ कुचकामी.

१९९० मध्ये अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामकाने या टोप्यांची विक्रीच थांबवली. टोपी सुरक्षित आहे, उपयोगी आहे, असं दाखवणारी माहिती उत्पादकांकडे नव्हती. शिवाय एक भीती होती: औषध डोक्याच्या त्वचेपर्यंत पोचलं नाही, तर तिथे दडलेली कर्कपेशी वाचेल. माहितीची मागणी रास्तच होती. भीतीही रक्ताच्या कर्करोगापुरती खरी. ल्युकेमिया-लिम्फोमात आजही टोपी घालत नाहीत. पण स्तनाच्या कर्करोगात डोक्याच्या त्वचेत गाठ येणं मुळातच दुर्मीळ. पुढे टोपीवाल्या आणि बिनटोपीच्या बायकांची तुलना झाली, तेव्हा दोन्हीकडे हे प्रमाण एक टक्क्याच्या आतच निघालं. युरोपात तर वापर चालूच होता. म्हणजे आजार तोच, औषध तेच, पण अटलांटिकच्या एका काठावर टोपी आणि दुसऱ्यावर रुमाल, आणि हे पंचवीस वर्षं. शंका फिटायला मोठी चाचणी हवी, आणि जिच्याने जीव वाचत नाही अशा गोष्टीच्या चाचणीला पैसे पटकन सुटत नाहीत. ‘केसांचं काय, परत येतील’ म्हणणाऱ्यांनी अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळणाऱ्या बाईला कधी विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

दरम्यान इंग्लंडात बिअर थंड करायची यंत्रं बनवणाऱ्या एका कुटुंबाने, घरातल्याच बाईचे केस केमोत गेल्यावर, आतून थंड द्रव फिरणारी टोपी तयार केली. १९९७ मध्ये ती रुग्णालयात आली. अशाच एका स्वीडिश यंत्राला अमेरिकेने डिसेंबर २०१५ मध्ये परवानगी दिली, तीही आधी फक्त स्तनाच्या कर्करोगासाठी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत टोपी घातलेल्या निम्म्या ते दोन-तृतीयांश बायकांचे केस टिकले, न घातलेल्यांत एकीचेही नाहीत. मात्र निम्म्यापर्यंत गळाले तरी ‘टिकले’च धरतात, हे आधी सांगितलेलं बरं. मुंबईत झालेल्या अशाच एका चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले. तिथेही निम्म्याहून थोड्या जास्त बायकांना फायदा झाला.

टॅक्सेन या केमोच्याच दुसऱ्या गटाच्या औषधांत यश बरं मिळतं, लाल औषधात कमी. केस ओले करून टोपी घट्ट बसवावी लागते; जिथे फट, तिथे टक्कल. औषधाआधी अर्धा तास आणि नंतर, लाल औषध असेल तर, दीड तास किंवा जास्त ती डोक्यावर ठेवायची. मोजक्या खाटांच्या डे-केअरमध्ये खाट एवढा वेळ अडली, तर सकाळच्या एसटीने आलेल्या पुढच्या बाईचं सलाईन संध्याकाळवर जातं. त्यामुळे यंत्र असलं तरी ते कुणाला लावायचं, हे औषध बघून ठरतं, तसंच बाहेरची रांग बघूनही.