पूर्वजांचा गुन्हा, वंशजांच्या माथी?

'ज्या देशाने कत्तली केल्या, त्याचा आजचा प्रत्येक नागरिक जन्मतःच गुन्हेगार' अशा अर्थाचा मजकूर कोल्हापुरातल्या तालमी-मंडळांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरत येतो. त्यामागचा संताप खरा असतो. गफलत होते ती गुन्हा आणि देणे एकच मानल्यामुळे.

गुन्हा करणाऱ्याचाच. आपल्याकडे आरोपी वारला की खटला तिथेच थांबतो, मुलावर चालत नाही. आधीच ठोठावलेला दंड मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल होऊ शकतो. कैद मात्र वारसाकडे येत नाही.

देण्याचे तसे नाही. नाझी राजवटीने ज्यूंवर केलेल्या अत्याचारांची भरपाई म्हणून १९५२ च्या करारात पश्चिम जर्मनीने इस्रायलला ३ अब्ज मार्क देण्याचे कबूल केले, त्यातला मोठा भाग मालाच्या रूपात. त्याच वर्षी जन्मलेले जर्मन मूल निर्दोषच होते, तरी पुढे त्याच्या करातून सरकारी देणी भागली. कारण राज्यसंस्था पिढीबरोबर मरत नाही: तिचा खजिना, जमीन, करार पुढे चालतात, तशी देणीही. म्हणून 'मी तेव्हा नव्हतोच' हे उत्तरही अर्धेच.

'जन्मतःच गुन्हेगार' म्हणजे गुन्हा रक्तातून येतो, हा मुद्दा कागदावर तपासा. दर पिढीला दुप्पट करत जा: २, ४, ८... दहाव्या पिढीला पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. आडनाव त्यातल्या एकाच ओळीचे. बाकीच्यांत मारणारे किती आणि मार खाणारे किती, हे आडनावावरून कळणार कसे?

पुढचा मेसेज आला की त्यातले 'त्यांनी' खोडून तिथे माणूस, हुद्दा, साल लिहून बघा. बहुतेकदा जागा रिकामीच राहते.