थिनरची वाफ अंगातून कशी उतरते: एका बाद झालेल्या तपासणीची पार्श्वभूमी

स्प्रे मारणारा रंगारी संध्याकाळी अंघोळ करून, कपडे बदलून जेवायला बसला तरी जवळ बसणाऱ्याला थिनरचा वास येतो. हा वास त्याच्या श्वासाचा असतो. दिवसभर फुप्फुसांतून रक्तात गेलेलं टोल्यूइन, म्हणजे थिनरमधला उडून जाणारा द्रव, आल्या वाटेने परत निघालेलं असतं. या वाटेने जाणारा हिस्सा मात्र थोडा, फार तर पाचवा. उरलेलं यकृताच्या वाट्याला येतं. तिथे टोल्यूइनचं बेंझोइक आम्ल होतं, त्याला ग्लायसिन हे अमिनो आम्ल जोडलं जातं आणि तयार झालेलं हिप्युरिक आम्ल लघवीतून जातं. दारू पोटात असेल तर यकृताचं हे काम रेंगाळतं.

हिप्युरिक आम्लाला हे नाव 1829 मध्ये, घोड्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून मिळालं, कारण ते घोड्याच्या लघवीत सापडलं होतं. 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला बेंझोइक आम्ल पोटात घेऊन पाहिलं गेलं आणि माणसाच्या लघवीतही तेच उतरतं हे दिसलं. कारखान्यांशी त्याचा संबंध विसाव्या शतकात आला. बेंझिन रक्त बिघडवतं हे कळल्यावर शाई, रंग आणि चपलांच्या सोल्युशनमध्ये त्याची जागा बऱ्याच ठिकाणी टोल्यूइनने घेतली. कामगाराच्या अंगात किती वाफ गेली हे पाहायला हिप्युरिक आम्लाची तपासणी सोयीची ठरली. सुई टोचायला नको, बाटलीभर लघवी पुरते, खर्चही कमी.

वाद पुढे या तपासणीवरूनच झाला. हिप्युरिक आम्ल टोल्यूइनपासूनच होतं असं नाही. चहातल्या घटकांपासून आतड्यातले जिवाणू बेंझोइक आम्ल करतात. बाजारच्या लोणच्यात, सरबतात, केचपमध्ये टिकाऊपणासाठी सोडियम बेंझोएट घातलेलं असतं. थिनरला कधी हात न लावलेल्या माणसाच्या लघवीतही दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे (लघवी पातळ की दाट याचा हिशेब धरायला मोजतात तो घटक) 1.5 ग्रॅमपर्यंत हिप्युरिक आम्ल सापडू शकतं, आणि कामगारांसाठी वापरात असलेला एक निर्देशांक, म्हणजे ज्याच्या वर गेलं तर वाफ जास्त गेली असं धरायचं तो आकडा, होता 1.6 ग्रॅम! हवेतल्या टोल्यूइनची मर्यादा 100 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) होती तेव्हा वाफेची भर या गोंधळातूनही दिसायची. अमेरिकेतली शिफारस आधी 50 आणि 2007 मध्ये 20 पीपीएमवर आली. तेवढ्या वाफेची भर चार कप चहात बुडून जाते. म्हणून 2010 मध्ये तिथल्या निर्देशांकांच्या यादीतून हिप्युरिक आम्ल काढलं गेलं. राहिलं ते लघवीतलं ऑर्थो-क्रेसॉल आणि रक्तातलं, लघवीतलं खुद्द टोल्यूइन.

हा बदल सगळ्यांच्या सोयीचा नव्हता. ऑर्थो-क्रेसॉल टोल्यूइनच्या एक टक्क्याहूनही कमी भागापासून बनतं, ते मोजायला महागडं यंत्र लागतं, आणि सिगारेटच्या धुरातही ते असतंच. लहान गावातल्या प्रयोगशाळेच्या हातची स्वस्त तपासणी गेली, ही तक्रार खरी आहे. तरी माझ्या मते निर्णय योग्यच होता. चहा पिणाऱ्याला विनाकारण घाबरवणारी आणि खरोखर वाफ घेणाऱ्याला निर्धास्त ठेवणारी तपासणी स्वस्त असून उपयोग काय? आपल्याकडे 1987 मध्ये कारखाना अधिनियमाला जोडलेल्या परिशिष्टाने टोल्यूइनला आठ तासांच्या सरासरीने 100 पीपीएम दिले. त्या मर्यादेपाशी हिप्युरिक आम्लाची जुनी खूण कामाची वाटते, कारण ती मर्यादाच ढिली.

दुसरी अडचण वेळेची. हिप्युरिक आम्ल काही तासांतच निघून जातं, त्यामुळे पाळी सुटतानाच्या लघवीत फार तर त्याच दिवसाचा हिशेब मिळतो. चरबीत मुरलेलं टोल्यूइन अर्ध्यावर यायला मात्र अर्ध्या दिवसापासून जवळजवळ तीन दिवस लागतात, आणि अंगात चरबी जास्त तर वेळही जास्त. म्हणूनच रक्ताचा नमुना आठवड्याच्या शेवटच्या पाळीआधी घ्यायला सांगतात.

आठ तासांच्या मर्यादेत पुढचे सोळा तास स्वच्छ हवा मिळेल हे धरलेलं असतं. लांब पाळ्यांसाठी 1975 मध्ये एक सूत्र मांडलं गेलं. त्याप्रमाणे 12 तासांच्या पाळीला मर्यादा निम्मी करावी लागते, कारण श्वासात वाफ चार तास जास्त जाते आणि ती उतरायला चार तास कमी मिळतात. महाराष्ट्रात सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यातल्या रोजच्या कामाची कमाल मर्यादा 9 वरून 12 तास करायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. अशा सलग पाळ्यांत मधल्या रात्रींत चरबी रिकामी होत नाही. बुधवारी सकाळी रंगारी कामावर येतो तेव्हा सोमवारचं थोडं टोल्यूइन त्याच्या अंगात शिल्लक असतं.